शिलकी पैसा व त्याची खरी वाढ

शेतकऱ्याच्या हाती मोठी रोख रक्कम येण्याचे प्रसंग वर्षातून एक-दोनच असतात. उसाचे बिल मिळते, कापूस किंवा सोयाबीन विकले जाते, क्वचित रस्त्याकरिता संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला येतो. नोकरदाराप्रमाणे दरमहा पगार नसल्यामुळे ही रक्कम पुढील हंगामापर्यंत, व तीतून काही उरल्यास मुलांच्या शिक्षणापर्यंत व लग्नकार्यापर्यंत पुरवावी लागते. ती कोठे ठेवावी हा प्रश्न वाणाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा होय. तथापि बियाण्याची चौकशी दहा जणांकडे करणारा शेतकरी पैशाची चौकशी मात्र बहुधा प्रथम भेटलेल्या एजंटाकडेच करतो.

हाती पैसा आल्यावर प्रथम देणे पाहावे. सावकाराचे कर्ज दरमहा दर शेकडा २ रुपये दराने असेल, तर वर्षास २४ रुपये जातात. इतके उत्पन्न देणारी सुरक्षित ठेव कोठेही नाही. सबब असे कर्ज फेडणे हीच सर्वांत किफायतीची गुंतवणूक ठरते. बँकेच्या पीककर्जाची गोष्ट निराळी आहे. ते मुदतीत फेडणारास व्याजात सवलत मिळते, म्हणून त्याची तारीख तेवढी चुकवू नये.

देणे भागवून उरलेल्या पैशाचा खरा शत्रू म्हणजे महागाई. कणगीतील धान्यास सोंडे लागले तरी कणगी बाहेरून भरलेलीच दिसते. पैशाचेही तसेच आहे. समजा, एका कुटुंबाने १ लाख रुपये १० वर्षांकरिता बाजूस ठेवले व या काळात संसारास लागणाऱ्या जिनसांचे भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढले. आज १ लाखात येणाऱ्या मालास दहा वर्षांनी सुमारे १ लाख ७९ हजार रुपये पडतील. पेटीत ठेवलेल्या लाखाची किंमत, आजच्या हिशेबाने, सुमारे ५६ हजार उरेल. तीच रक्कम ३ टक्के व्याजाच्या बचत खात्यात असेल तर ती ७५ हजारांच्या आसपास राहील, म्हणजे व्याज मिळूनही २५ हजारांचा तोटा. दरसाल ७ टक्के चक्रवाढ व्याजाच्या ठेवीत लाखाचे १ लाख ९६ हजार ७०० होतील, आणि घरात आनंद होईल. परंतु खरी वाढ दहा हजारांच्या आतच भरेल. शिवाय शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले तरी ठेवीवरील व्याज शेतीचे उत्पन्न मानले जात नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

‘रक्कम दुप्पट’ या शब्दांची भुरळ मोठी असते. ७२ या अंकास व्याजदराने भागले असता रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा स्थूल अंदाज येतो. १९८८ साली किसान विकास पत्र सुरू झाले तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या ७.५ टक्के दराने त्यास ११५ महिने लागतात. यावरून पूर्वीचा काळ सोन्याचा होता असे मात्र समजू नये. १९९१ साली ग्राहकोपयोगी वस्तूंचे भाव एका वर्षात १३ टक्क्यांहून अधिक वाढले होते, तेव्हा त्या दुपटीतील बराचसा भाग महागाईच्याच पोटात गेला.

आता जोखमीचा विचार. शेअर बाजाराचा सेन्सेक्स निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोचला होता; मार्च २००९ मध्ये तो सुमारे ८ हजारांपर्यंत घसरला, आणि २०१० च्या अखेरीस पुन्हा पूर्वीच्या पातळीस आला. ज्यास पैशाची निकड नव्हती तो तरून गेला. ज्याच्या घरी त्या मार्चमध्ये लग्न होते त्याचे निम्म्याहून अधिक भांडवल बुडाले. सोनेही याला अपवाद नाही. २०१२ साली १० ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास असलेला भाव २०१५ साली २६ हजारांवर आला होता. अडचणीच्या वेळी विकावी लागणारी वस्तू कधीच पुरता भाव देत नाही, हे १९७२ च्या दुष्काळात जनावरे मिळेल त्या किमतीस विकणाऱ्या कुटुंबांनी अनुभवले. शेजारची जमीन घेऊन ठेवणे सुरक्षित वाटते खरे, पण पाऊस नसलेल्या वर्षी स्वतःचे शेत पिकत नाही व त्याच वर्षी त्या जमिनीसही गिऱ्हाईक मिळत नाही. ज्याचा धंदाच पावसावर अवलंबून आहे त्याची शिल्लक तरी पावसावर अवलंबून नसावी.

मुद्दलच जाण्याचा धोका सर्वांत वाईट. बँकेतील ठेवीस, सहकारी बँकाही धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. पतसंस्था एक-दोन टक्के जादा व्याज देते ते या जोखमीचे मोल होय, बक्षीस नव्हे. शेतजमिनीच्या नावाने सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा करणाऱ्या एका कंपनीस ते परत करण्याचा आदेश सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला. तिचे एजंट त्या त्या गावचे ओळखीचेच लोक होते.

सबब बी-बियाणे, खते व वर्षभराचा घरखर्च यांपुरती रक्कम बँकेतच ठेवावी. तीतील काही भाग मुदत ठेवीत घालावयाचा असल्यास पावती मृगापूर्वी, मेअखेरीस पुरी होईल असा बेत करावा. पाच वर्षांनी लागणारा पैसा टपाल खात्याच्या बचतपत्रांत ठेवणे सोयीचे. महागाईच्या पुढे जाण्याच्या आशेने म्युच्युअल फंडाच्या मार्गे शेअरांत घालावयाचा पैसा सात-दहा वर्षे न लागणारा असावा, व तोही थोडा थोडा घालावा. कोणत्याही पावतीवर नामनिर्देशन झाले आहे की नाही हे ती हाती घेतानाच पाहावे आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील स्त्रीस ठाऊक असावे.