बाटली सुटता सुटेना!

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला दवाखान्यात घेऊन येणारी आई बहुधा दोन तक्रारी सांगते. पहिली, "डॉक्टर, हा काही खातच नाही." दुसरी, "रात्री आम्हाला झोपू देत नाही." तिसरी गोष्ट मला विचारून काढून घ्यावी लागते. रात्री उठल्यावर त्याला काय देता? "बाटली. त्याशिवाय डोळाच मिटत नाही ना!" म्हणजे भूक नसणे, रात्रीचे जागरण आणि बाटली ही तिन्ही दुखणी बहुतेक वेळा एकच असतात.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. हा लेख वरच्या दुधाच्या बाटलीविषयी आहे, अंगावरच्या दुधाविषयी नव्हे. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, नंतर उष्टावण करून वरचे अन्न सुरू आणि त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर पाजणे, हेच योग्य. अंगावर पिणारे बाळ रात्री उठते म्हणून कोणी दूध तोडू नये. तसेच सहा महिन्यांच्या आतले बाळ रात्री भुकेने उठणारच. त्याचे पोट लहान असते. त्याला रात्रभर उपाशी झोपवायचा प्रयत्न करू नये.

आता वर्षाच्या मुलाकडे वळू. झोप म्हणजे एकसंध गुंगी नसते. ती गाढ होते, उथळ होते, पुन्हा गाढ होते. लहान मुलात हे फेरे तासाभराच्या आसपासचे असतात आणि प्रत्येक उथळ टप्प्यावर मूल किंचित जागे होते. मोठी माणसेही होतात. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढून घेतो आणि सकाळी ते आठवतही नाही. पण जे मूल रात्री नऊला तोंडात निपल घेऊन झोपले, त्याच्या लेखी झोप म्हणजे निपल. अकरा वाजता झोप उथळ झाली की ते निपल शोधते, सापडले नाही की रडते. आईला वाटते भूक लागली. ती उठते, दूध कोमट करते, बाटली देते. दोन घोट घेऊन मूल झोपते. पुन्हा एक वाजता तेच. यात मुलाचा हट्ट नाही आणि आईचा दोषही नाही. झोपेची किल्ली बाटलीत अडकून पडली आहे, इतकेच.

मागे सोळा महिन्यांचा एक मुलगा आजीबरोबर आला होता. गुबगुबीत, गोरापान. आजीला त्या गोरेपणाचे मोठे कौतुक. मी खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरी फटक. हिमोग्लोबिन निघाले ७.४, या वयात ते किमान ११ असावे. भिंतीचे पोपडे खरवडून खातो, अशी तक्रार होती आणि कारण विचारले तर आजी म्हणाल्या, "कॅल्शियम कमी असेल." मी बाटल्या मोजायला सांगितल्या. दिवसा तीन, रात्री तीन, प्रत्येक १८० मिलिलिटरची. म्हणजे दिवसाला एक लिटरच्या वर म्हशीचे दूध. शंभर मिलिलिटर म्हशीच्या दुधात साधारण शंभर उष्मांक धरा. या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच हजाराच्या आसपास असते. ती सगळी बाटलीतूनच भागली, तर वरण-भाताला पोटात जागा कुठून उरणार? आणि दुधात सगळे काही असते हा आपला समज खरा नाही. लोह त्यात अगदी नावापुरते असते. या वयाला दिवसाकाठी ८ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावे लागते. लिटरभर दुधातून त्यातले फारच थोडे मिळते. शिवाय दुधातले कॅल्शियम जेवणातले लोह शोषले जाण्याच्या आड येते. म्हणून दूध भरपूर, मूल गुबगुबीत आणि रक्त मात्र कमी, असे चित्र खात्यापित्या घरांतूनही दिसते. माती, पोपडे, खडू खाणे हे पुष्कळदा या लोहाच्या कमतरतेचेच लक्षण असते.

त्या मुलाला लोहाचे थेंब सुरू केले. पण निम्मे औषध बाटली सोडवण्यात होते, हे आजींच्या गळी उतरवायला मला अर्धा तास लागला. रांगेतल्या पेशंटांनी कुरकुर केली. असो.

दातांचे नुकसान तर डोळ्यांनी दिसते. झोपेत लाळ कमी सुटते. दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, त्यातल्या साखरेवर जंतू पोसले जातात आणि त्यांनी तयार केलेले आम्ल दात पोखरते. सुरुवातीला हिरडीलगत पांढुरकी रेघ दिसते, मग दात तपकिरी होतो, मग खुंट राहतो. बाटलीत साखर घालण्याची पद्धत असेल तर हे आणखी लवकर घडते. "दुधाचेच दात, पडणारच आहेत," असे म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्यांनीच चावायचे आणि पक्क्या दातांची जागाही त्यांनीच राखायची.

कानाचेही तसेच. घशातून कानाकडे जाणारी नळी लहान मुलात आखूड आणि आडवी असते. आडवे झोपवून बाटली दिली की दूध तिकडे जाऊ शकते आणि कान वारंवार ठणकतो, फुटतो. जुलाबांविषयी काय सांगावे! निपलच्या आतल्या कडेला साचलेली साय घरात कितीही काळजी घेतली तरी पूर्ण निघत नाही, आणि रात्री दोन वाजता बाटली उकळतो कोण? आपल्या देशात बाटल्यांची आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. कायदा १९९२ चा आहे आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू आहे. तरीही बारशाला बाटल्यांचा संच आहेर म्हणून हौसेने दिला जातोच.

आता सोडवायची कशी? पुष्कळ घरी आधी रात्रीची बाटली एकदम बंद करतात, मूल रात्रभर रडते, शेजारी दार वाजवतात आणि तिसऱ्या रात्री बाटली परत येते. मूल यातून एकच धडा घेते, की पुरेसे रडले की मिळते. म्हणून सुरुवात दिवसापासून करावी.

मूल ताजेतवाने आणि खुशीत असेल अशी दुपारची वेळ निवडा. त्याला मांडीवर सरळ बसवा. लहान, पातळ काठाचे फुलपात्र किंवा वाटी घ्या आणि तळाला चार-पाच चमचे दूध. काठ खालच्या ओठावर टेकवून वाटी इतकीच कलती करा की दूध ओठांना लागेल. तोंडात ओतू नका, ठसका लागतो. मूल आपणच जीभ पुढे काढून चाटेल, मग ओढेल. पूर्वी घरोघरी बोंडले असे आणि त्याने तान्ह्या बाळालाही दूध पाजत. आजही रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे वाटीने दूध पितात, तेव्हा वर्षाच्या मुलाला जमणार नाही ही भीती नको. सांडेल मात्र भरपूर. गळ्यात लाळेरे बांधा, खाली जुने दुपटे पसरा आणि रागावू नका. टोटीचे, झाकणाचे पेले बाजारात मिळतात. ते थोडे दिवस ठीक, पण मूल तो पेला तोंडात घेऊन हिंडू लागले तर ती बाटलीच झाली.

वाटीची ओळख सहा महिन्यांपासूनच करून द्यावी म्हणजे वर्षाला बाटली सहज सुटते. उशीर झाला असेल तरी अठरा महिन्यांच्या पुढे लांबवू नये. दिवसाची एक बाटली वाटीवर आली की चार-पाच दिवस थांबा, मग दुसरी. वाटीने मूल बाटलीएवढे दूध पिणार नाही. तेच हवे आहे! वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे. भूक लागू द्या. मऊ वरण-भात, भाकरीचा कुस्करा, उसळ, घरात चालत असेल तर अंडे, हे सगळे आधी आणि दूध नंतर.

दिवसाच्या बाटल्या सुटल्या की निजायच्या वेळची. हीच खरी लढाई. झोपण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, दिवा लागलेला असताना, बसवून वाटीने दूध द्या. मग दात पुसा किंवा घासा. मग अंगाई, पाठीवर थोपटणे, गोष्ट, काय तुमच्या घरी चालत असेल ते, पण रोज त्याच क्रमाने. मूल पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवा. दूध आणि झोप यांच्यात हे अंतर पडले की निम्मे काम झाले.

राहिली मध्यरात्रीची बाटली. वर्षाच्या पुढच्या, वजन व्यवस्थित वाढणाऱ्या मुलाची ही बाटली दर दोन रात्रींनी ३० मिलिलिटरने कमी करा. १८० वरून १५०, १२०, असे करत ६० वर आले की बंद. साधारण दहा रात्री लागतात. त्यानंतर तहान वाटली तर वाटीने पाणी. ग्लुकोज, साखरपाणी, सरबत काही नको. दुधात पाणी वाढवत नेण्याची युक्ती काही जण करतात. वर्षाच्या पुढच्या मुलात फक्त रात्रीच्या बाटलीपुरती ती चालेल, पण वर्षाच्या आत दूध पातळ करणे धोक्याचे आहे.

रडणार का? रडेल. तीन-चार रात्री कठीण जातात. जवळ बसा, थोपटा, हळू आवाजात बोला. दिवा लावू नका, खेळवू नका. त्या रात्री वडिलांनी उठावे असे मी आवर्जून सांगतो. आई दिसली की मुलाला दूध आठवते, आणि वर्षभर जागलेल्या त्या बाईला चार रात्री झोप मिळते ते वेगळेच. सकाळी आठला नोकरीवर किंवा शेतावर जाणारी आई रात्री तीनदा उठते, याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही. आजी-आजोबांशी मात्र आधी बोलून ठेवा. त्यांच्या "लेकरू उपाशी झोपलं" या एका वाक्याने आठ दिवसांची मेहनत पाण्यात जाते. सोळा महिन्यांच्या त्या मुलाच्या आजींना मी बाटल्या त्यांच्याच ताब्यात ठेवायला सांगितले होते. त्यांनी त्या बोहारणीला दिल्या, आणि पुढे नातू ताटातली भाकरी ओढून घेऊ लागला हे सांगायला त्याच आल्या. थेंब चालूच होते. रक्त सुधारले तरी ते आणखी दोन-तीन महिने द्यावे लागतात.

झोपेसाठी औषध मागू नका. सर्दीचे गुंगी आणणारे औषध, गुटीतून अफू, कोणाकडून आणलेली पुडी, यांपैकी काहीही नको. अफूने मुलाचा श्वास मंदावतो आणि मूल दगावूही शकते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली आहे. पूर्वी आणलेली बाटली कपाटात असेल तर तीही वापरू नका.

मूल घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, कान ओढत असेल, रात्री गुदद्वाराशी खाजवत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर जागरणाचे कारण वेगळे असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. ताप, जुलाब, नुकतीच दिलेली लस किंवा घर बदलणे चालू असताना बाटली सोडवायला घेऊ नका, आठ-पंधरा दिवस थांबा. आणि मध्येच आजोळी जायचे ठरले तर मुलाचे फुलपात्र पिशवीत टाका आणि आजोळी आधीच फोन करून सांगा, की बाटली आणून ठेवू नका.