नाव मिळवणे आणि नाव राखणे

जाहिरात म्हटली की आपल्या कला शाखेतील मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. हा विषय वाणिज्य शाखेकडचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा आपला समज असतो. परंतु गेली काही वर्षे आपल्या अवतीभवती जे चालले आहे ते पाहिले, तर हा विषय भाषेचा आहे, समाजशास्त्राचा आहे आणि थोडाफार इतिहासाचाही आहे, असे माझे मत झाले आहे. कोपरखैरणे, नेरूळ, ऐरोली, घणसोली येथील कोणत्याही सोसायटीत जावे. चकल्या करणाऱ्या काकू, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, शिकवणी घेणारे सर, गणपतीच्या मूर्ती रंगवणारे दादा, सर्वजण व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर आपापले दुकान मांडून बसले आहेत. त्यांना कोणीतरी सांगितलेले असते, की तुम्ही आता स्वतःच एक ब्रँड व्हा. म्हणजे नेमके काय व्हायचे, हे मात्र सांगणारा सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

'ब्रँड' हा शब्द मुळात जनावरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने उमटवलेल्या डागाचा. हे जनावर कोणाचे, एवढेच तो डाग सांगे. आपल्याकडे त्यासाठी 'छाप' हा शब्द आहे आणि त्याच्या शेजारीच 'पत' नावाचा दुसरा शब्द आहे. छाप पैसे देऊन मारून घेता येते. पत मात्र दुसऱ्यांनी द्यावी लागते, आणि तीही व्यवहार होऊन गेल्यानंतर. समाजमाध्यमांवरील बहुतेक मार्गदर्शन छापेविषयी असते आणि लहान व्यावसायिकाचे पोट पतीवर चालते, ही या विषयातली खरी अडचण आहे.

ही अडचण आजची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या विषयाशी संबंध येतो तो यानंतरचा. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे लहानसे नियतकालिक सुरू केले. हेतू सरळ होता. कारखान्याच्या बातम्या विक्रेत्यांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचाव्यात. परंतु शंकरराव स्वतः चित्रकार आणि लेखक. नुसते नांगराचे गुणगान दर महिन्याला कोण वाचील, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यात माहितीपर लेख आले, गोष्टी आल्या, सामाजिक प्रश्नांवरचे लेखन आले. वाचक मजकुरासाठी अंक उघडू लागला, आणि उघडल्यावर नांगर त्याच्या नजरेस पडू लागला. कालांतराने 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याला येऊन मिळाले. आपल्या आज्या-पणज्यांना या तिन्ही मासिकांचे मिळून 'किस्त्रीम' हे नाव ठाऊक होते. त्यांपैकी कितीजणींनी आयुष्यात नांगराला हात लावला असेल?

आज ज्याला 'कंटेंट मार्केटिंग' असे भारदस्त नाव आहे, ते मराठीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. विकणाऱ्याने आधी वाचकाच्या काही उपयोगी पडावे, एवढेच त्याचे सूत्र. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी रोज 'ऑर्डर घेतल्या जातील' असे लिहिण्यापेक्षा पैठणीचे काठ कसे जपावेत, सुती कापड शिवण्याआधी भिजवून का घ्यावे, हे आठवड्यातून एकदा दोन मिनिटांत दाखवले, तर त्यांचे नाव अधिक लक्षात राहील. माझ्या पाहण्यातील एका ताईंनी असे केले आहे. बोलताना त्या अडखळतात, चित्रणही हलते. पण काठ दुमडताना त्यांची बोटे पाहिली की त्यांना काम येते याची खात्री पटते.

आता आपल्या शहराकडे वळू. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबई आधी कागदावर आखली गेली. गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत एखाद्या दुकानाचे नाव तीन पिढ्या ऐकून ठाऊक असते. आपल्याकडे 'सेक्टर नऊमधले, स्टेशनच्या बाजूचे' अशी दुकानाची ओळख. साताऱ्याचे, कोकणातले, केरळातले, पंजाबातले लोक एका जिन्यावर राहायला आले, त्यांना एकमेकांची नावेच ठाऊक नव्हती, मग दुकानदारांची कोठून असणार? याला अपवाद गावठाणांचा. तेथील आगरी-कोळी कुटुंबांत मासळी कोणाकडची ताजी हे विचारावे लागत नाही, ते माहीत असते. सेक्टरात राहणाऱ्याला मात्र शेजाऱ्याची शिफारस मिळवण्यासाठी दुसरी जागा हवी होती. चाळीच्या गॅलरीत जे होत असे, ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर होऊ लागले. 'कोणाला चांगला प्लंबर माहीत आहे का?' हा प्रश्न आणि त्याखाली आलेले तीन दूरध्वनी क्रमांक, नवी मुंबईतील नावलौकिकाची ही खरी कचेरी आहे. इन्स्टाग्रामवरील हजार अनोळखी माणसांपेक्षा अशा एका गटातील चाळीस घरे लहान व्यावसायिकाला अधिक मोलाची आहेत, असे मला वाटते.

याचा अनुभव २०२० च्या टाळेबंदीत आला. ऐन आंब्याच्या दिवसांत वाशीचा घाऊक बाजार मे महिन्यात काही दिवस बंद ठेवावा लागला होता. तेव्हा कोकणातील कित्येक बागायतदारांनी सोसायट्यांच्या गटांवरून मागणी घेऊन पेट्या थेट प्रवेशद्वाराशी उतरवल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले होते. पण पेटीवरचा शिक्का पाहून गिऱ्हाइकाचे समाधान होतेच असे नाही. बागायतदाराने कलमाखाली उभे राहून पाठवलेले छायाचित्र, आणि डागी निघालेल्या चार आंब्यांबद्दल पुढच्या खेपेस न मागता दिलेले चार आंबे, यांनी ते झाले. त्यातली काही नाती अजून टिकून आहेत. आमच्याच जिन्यावर दर वर्षी एकाच बागेतून पेट्या येतात.

या माध्यमांचे तंत्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी भाबड्या कल्पना फार आहेत. आपण टाकलेली चित्रफीत आपल्या सर्व अनुयायांना दिसतेच असे नाही. लोक ती किती वेळ पाहतात, पुढे कोणाला पाठवतात, यावरून यंत्रणाच तिचा प्रसार ठरवते. त्यामुळे पाहणाऱ्यांत नागपूरचा माणूस असतो, दुबईचाही असतो, आणि उकडीचा मोदक त्यांपैकी कोणालाही पाठवता येत नाही. उलट, व्हॉट्सॲपच्या साध्या प्रसारण यादीत २५६ नावेच बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. ही मर्यादा मला दोष वाटत नाही. क्रमांक नोंदवून ठेवणे ही पतीची पहिली पायरी आहे. विकत घेतलेल्या अनुयायांविषयी लिहिण्यात जागा घालवत नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण पुरेशी आहे.

मोदकाचा उल्लेख सहज आलेला नाही. माझी मावशी कोपरखैरण्यात घरगुती मोदक आणि दिवाळीचा फराळ करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोदकांची एक चित्रफीत मीच काढली आणि इन्स्टाग्रामवर टाकली. कळ्या पाडतानाची तिची बोटे आणि चाळणीतून निघणारी वाफ एवढेच त्यात होते. ती बरीच फिरली. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत एकवीस मोदकांच्या सव्वीस डब्यांची मागणी नोंदली गेली. नोंद घेणारी मीच. नाही म्हणायचे मला सुचलेच नाही. उकड आदल्या दिवशी काढून चालत नाही, ती गरम असतानाच मळावी लागते आणि मोदक त्याच सकाळी व्हावे लागतात. मावशी आणि तिची जाऊ पहाटे तीनला उठल्या. पंधरा डबे वेळेवर गेले. उरलेले जसजसे झाले तसतसे गेले आणि शेवटच्या काही मोदकांच्या कळ्या मिटल्यासुद्धा नव्हत्या. सेक्टर एकोणीसमधील एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा दुपारी फोन आला. त्या रागावल्या नाहीत. "काकू, तुमचे मोदक आले तेव्हा आमची आरती होऊन गेली होती," एवढेच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांची मागणी आली नाही. त्या बाई सहा वर्षांच्या होत्या, म्हणजे सहा वर्षे आमच्याकडून घेत होत्या. त्या चित्रफितीने मिळवून दिलेल्या अकरा नव्या गिऱ्हाइकांपैकी दुसऱ्या वर्षी दोघे परत आले.

मार्गदर्शन करणारे 'पोहोच वाढवा' म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर साबणाच्या वड्या असतात, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. जो माल हाताने होतो आणि टिकत नाही, त्याच्या जाहिरातीचे माप हातांवरून ठरले पाहिजे.

दुसरा प्रश्न जागेचा. सारोळा कासार या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील गावच्या सुमन धामणे यांना 'आपली आजी' म्हणून लाखो लोक ओळखतात. नातवाच्या मदतीने त्यांनी यूट्यूबवर गावाकडच्या पाककृती दाखवायला सुरुवात केली. ना इंग्रजी, ना थाटमाट. बोली मात्र अस्सल. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्या वाहिनीचा ताबा कोणा भामट्याने घेतला. काही दिवसांनी ती परत मिळाली, म्हणून बरे झाले. टिकटॉकवर नाव कमावलेल्या ग्रामीण कलावंतांना आणि दुकानदारांना ते भाग्य लाभले नाही. २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि त्यांचे दुकान गेले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच सुमारे सहा तास बंद पडले. या सर्व जागा भाड्याच्या आहेत, आणि भाडे पैशात घेत नाहीत म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही.

नाव देतानाही घाई होते. बहुतेकजण आपले आडनाव लावतात. ते स्वाभाविक आहे, पण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दुसरा कोणी प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरत असेल तर त्याला रोखता येत नाही. जोशी आणि पाटील यांनी याचा विचार करावा. शिवाय सारा धंदा एका चेहऱ्यावर उभा असला, तर तो चेहरा आजारी पडला की धंदाही झोपतो. मावशीने म्हणूनच पुढच्या चित्रफितीत जावेचे हात दाखवायला सांगितले.

मावशीकडे एक लांबट वही आहे, वाण्याकडे असते तशी. तिच्यात गिऱ्हाइकांचे क्रमांक आहेत आणि पुढे बारीक अक्षरात नोंदी: 'गूळ कमी', 'वेलदोडा नको', 'दुसरा मजला, लिफ्ट नाही', 'आरती साडेअकराला'. आता मागणी पंधरा डब्यांवर थांबते आणि सोळाव्या माणसाला मी नम्रपणे पुढच्या वर्षीची तारीख सांगते. गेल्या महिन्यात तिने ती वही माझ्यापुढे टाकली आणि सगळी नावे फोनमध्ये उतरवून घ्यायला सांगितली. सेक्टर एकोणीसच्या त्या बाईंचे नाव तिने खोडलेले नव्हते. त्यांच्यापुढे लिहिले होते, 'दिवाळीला चकली पाठवणे, पैसे घेऊ नयेत.'