हाडांचा खजिना

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते. रक्तात ते अगदी थोडे असते. परंतु तेवढेही कमी पडले, तर स्नायूंना पेटके येतात. या खजिन्यावर गळ्यातील अवटु ग्रंथीच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटु ग्रंथींची नजर असते. रक्तातील कॅल्शियम घटताच त्या एक संप्रेरक सोडतात आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरू लागते. या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना आलेले पेटके कॅल्शियम दिल्याने थांबतात, हे अमेरिकेतील मॅक्कॅलम व फोग्टलिन यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. परंतु भर न घालता खर्च करीत राहिल्यास कोणताही खजिना रिता होतो. म्हणूनच वाढत्या वयात दूध, नाचणी व तीळ आहारात असावेत.