जुना वस्तरा : संग्रह आणि जीर्णोद्धार

इतिहासाची साधने म्हटली की आपण ताम्रपट, नाणी, शिलालेख यांची नावे घेतो. रोजच्या वापरातील हत्यारांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. जुना वस्तरा हे असेच एक उपेक्षित साधन आहे. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत जुने वस्तरे जमवून ते पुन्हा चालते करणारे हौशी संग्राहक आहेत. त्यांच्या पद्धतीचा परिचय करून देणे आणि तीतून निघणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अशा वस्तऱ्यांची दोन माहेरघरे : इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्यामुळे एकजीव पोलाद मिळू लागले आणि धार टिकू लागली. सुरुवातीचे पाते पाचरीसारखे जाड असे. पुढे एकोणिसाव्या शतकात दोन्ही बाजू चाकावर खोलगट घासून ते हलके करण्यात आले.

वस्तऱ्याचा काळ ठरवण्यास पात्याच्या देठावरील शिक्का उपयोगी पडतो. मायकेल फॅरडे व जेम्स स्टोडार्ट यांनी पोलादात चांदी मिसळून केलेले प्रयोग १८२० ते १८२२ या काळात प्रसिद्ध झाले. 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे त्या काळाकडे बोट दाखवतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. म्हणून 'जर्मनी' असा शिक्का दिसला, तर तो वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा.

आता जीर्णोद्धाराविषयी. मूठ शिंगाची, हाडाची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड जुने होऊन कुजू लागले, की त्यातून आम्लयुक्त वाफा निघतात व शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. असा वस्तरा वेगळा ठेवावा. तांबडा गंज पाते खात जातो, म्हणून तो तेल आणि बारीक पॉलिश कागद वापरून हातानेच काढावा. मोटारीच्या चाकावर घाई केली आणि पाते सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे तापले, तर पोलाद नरम पडू लागते. मग कितीही परजले तरी धार टिकत नाही. काळसर डाग मात्र निरुपद्रवी असतात. ते राहू द्यावेत.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवतात. पाठीच्या जाडीमुळे धारेचा कोन आपोआप कायम राहतो. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवतात, तर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. अर्थातच वर्षानुवर्षांच्या वापराने धारेबरोबर पाठही झिजते.

खरा प्रश्न इथेच उभा राहतो. बहुतेक संग्राहक या झिजेला दोष मानतात. पाठ झिजली की किंमत उतरते. काहीजण पाते आरशासारखे होईपर्यंत घासतात आणि त्यात शिक्काही पुसट होतो. आमच्या घरी आजोबांची धोकटी आहे. ते बलुत्यावर हजामत करीत. त्यातील एका वस्तऱ्याची पाठ एका बाजूने अधिक सपाट झाली आहे. संग्राहकाच्या लेखी तो कमअस्सल ठरेल. परंतु आजोबांनी हिशेबाची वही कधी ठेवली नाही. त्यांच्या कामाची नोंद असलीच तर ती या झिजेतच आहे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्या सभेचा उल्लेख ग्रंथांत सापडतो. ज्या कारागिरांनी तो नकार दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. अशा माणसांविषयी बोलू शकणारी साधने थोडी आहेत आणि त्यांत हत्यारे येतात. आज सलूनमध्ये ब्लेड बदलण्याचे वस्तरे आले आहेत. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यामुळे जुने वस्तरे भंगारात जात आहेत.

म्हणून माझे मत असे, की गंज थांबवावा, सैल मूठ घट्ट करावी, धार लावावी. परंतु शिक्का आणि झीज यांना हात लावू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वस्तरा नसेल, पण विळा, रापी, वाकस नक्कीच असेल. ती घासून चकचकीत करण्यापूर्वी एकदा नीट पाहावीत आणि ती कोणी व कशी वापरली, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे.