धान्याची कीड आणि श्रावकाची दक्षता

धान्य हा आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे आणि धान्याची कोठी तर प्रत्येक कुटुंबाच्या संसाराचा आधार आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पेठांतील जुनी घरे पाहिली, तर पुढे दुकान, मागे वखार आणि माडीवर बिऱ्हाड अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यामुळे वखारीत जन्मलेला किडा माडीवरच्या स्वयंपाकघरात पोचण्यास फारसा वेळ लागत नाही. अन्य घरी हा प्रश्न केवळ नासाडीचा असतो. श्रावकाच्या घरी त्याला आणखी एक बाजू असते. डब्याचे झाकण काढताच टोके वळवळताना दिसले की गृहिणीपुढे पेच उभा राहतो. धान्य टाकावे तर अन्नाचा नाश, कडक उन्हात घालावे तर जिवांचा नाश, आणि तसेच ठेवावे तर जिवांची संख्या वाढतच जाणार! या पेचाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रमाद हे मूळ

धान्यातील किडे हे त्रस जीव होत. गृहस्थाला संसार चालविताना आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी जाणले आहे. परंतु संकल्पी हिंसेचा त्याग अहिंसाणुव्रती श्रावकाने करावयाचाच असतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना आचार्य उमास्वामींनी प्राणघाताच्या मुळाशी असलेल्या प्रमादावर नेमके बोट ठेवले आहे. ही दृष्टी कोठीघराला लावून पाहिली म्हणजे आपला प्रश्नच बदलतो. ‘किडे कसे मारावेत?’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘त्यांचा जन्म आपल्या कोणत्या दुर्लक्षाने झाला?’ हा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी या जिवांची ओळख करून घेतली पाहिजे.

चार पाहुणे

पहिला सोंड्या. यालाच आपण टोका किंवा पोरकिडा म्हणतो. तांदूळ, गहू व ज्वारी ही त्याची आवडीची ठिकाणे. मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने ते छिद्र बंद करते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते आणि उबदार हवेत सुमारे चार-पाच आठवड्यांनी पूर्ण किडा बाहेर पडतो. म्हणून वरून स्वच्छ दिसणारे धान्य निर्दोष असेलच असे नाही.

दुसरा कडधान्यातील भुंगेरा. मूग, मटकी, चवळी, हरभरा व तूर यांच्यावर तो पांढऱ्या ठिपक्यासारखी अंडी चिकटवितो. पुष्कळदा त्याची सुरुवात शेतात, शेंगेवरच झालेली असते. अळी दाण्यात शिरते आणि बाहेर पडताना वाटोळे भोक ठेवून जाते. अखंड कडधान्यापेक्षा साल काढलेल्या डाळीला त्याचा उपद्रव कमी होतो. पावसाळ्यापूर्वी तुरीची डाळ करून ठेवण्याच्या आपल्या रीतीचा हाही एक लाभ होय.

तिसरा पिठातील तांबडा भुंगेरा. अखंड, निरोगी दाण्यात त्याला शिरकाव करता येत नाही. पीठ, रवा, कणी व भुसा यांवरच तो जगतो. फार वाढला म्हणजे पिठाला उग्र दर्प येतो.

चौथा निपाणीकरांच्या विशेष परिचयाचा, तो म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी व डोके खाली वाकविलेला किडा आहे. संध्याकाळच्या मंद उजेडात तो उडताना दिसतो. त्याची ओढ तंबाखूपुरती मर्यादित नाही. हळद, धणे, सुंठ व मिरची यांतही तो तितक्याच सुखाने वाढतो. ज्या घराच्या खाली किंवा शेजारी तंबाखूची वखार आहे, तेथे संकेश्वरी मिरचीच्या डब्यात भुंगेरे निघाले तर त्यांचा उगम कोठे असू शकेल हे वेगळे सांगावयास नको. वखारीची सफाई आणि घराची सफाई हे एकच काम आहे, असे समजून चालले पाहिजे.

याखेरीज ‘खपरा’ नावाचा भुंगेरा व्यापाऱ्यांनी ओळखून असावे असा आहे. त्याच्या केसाळ अळ्या भिंतीच्या भेगांत व पोत्यांच्या शिवणीत दडून अन्नावाचून दीर्घकाळ जिवंत राहतात. १९५३ साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियात आढळला, तेव्हा त्याच्या बंदोबस्तासाठी तेथील सरकारला मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. आजही इंग्रजीत तो आपल्याकडील ‘खपरा’ याच नावाने ओळखला जातो.

मर्यादेचा अर्थ

आपल्या परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवस सांगितली आहे. नव्या पिढीला हा नियम जाचक वाटतो. परंतु कीटकशास्त्र काय सांगते ते पाहावे. पिठातील भुंगेऱ्याचे अंडे उबदार हवेत सुमारे तीन ते पाच दिवसांत फुटते. थंडीत त्यास अधिक दिवस लागतात. उष्णता आणि दमटपणा यांनी कीड वाढते व थंडीने मंदावते, हे आधुनिक विज्ञानाचे म्हणणे ऋतुपरत्वे बदलणाऱ्या या मर्यादेशी जुळणारे आहे. मर्यादेचा पाया जीवदया हाच आहे. तरीही ती पाळणाऱ्या घरी पिठात कीड वाढण्यास अवसरच मिळत नाही, हे व्यवहारातले फळ आहे. थोडे दळावे, ताजे दळावे, हे तिचे सार होय. दळलेल्या मसाल्यांनाही हेच लागू करावे आणि वर्षाचे तिखट एकदम कुटून ठेवण्याऐवजी सुकी मिरची अखंड ठेवून लागेल तशी दळावी.

जन्मच होऊ न देण्याचे उपाय

पहिला उपाय कोरडेपणा. धान्यातील ओलावा शेकडा १२ च्या आत असावा. तो १० च्याही खाली गेला, तर सोंड्याला वंश वाढविणे कठीण होते. ओलावा अजमावण्याची एक सोपी युक्ती अशी आहे : कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व थोडे कोरडे मीठ घालून ती चांगली हालवावी आणि काही मिनिटे स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा शेकडा १५ हून अधिक आहे असे समजावे व धान्य पुन्हा वाळवावे. वाळवण चैत्र-वैशाखात, धान्य नवे व स्वच्छ असतानाच करावे. किडलेले धान्य उन्हात घालणे म्हणजे आतील जीव भाजणे होय. वाळलेले धान्य निवल्यावरच भरावे. गरम भरल्यास डब्यात घाम धरतो.

दुसरा उपाय बंदिस्त साठवण. आपल्या भागातील ज्वारीची पेवे याच तत्त्वावर चालत. मिटलेल्या पेवात प्राणवायू कमी होतो व कर्बवायू वाढतो, त्यामुळे कीड फोफावत नाही. याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात माणसाने उतरणे प्राणघातक असते. आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीसाठी निघालेल्या तिपदरी पिशव्याही याच तत्त्वावरच्या आहेत. घरी घट्ट झाकणाचे पत्र्याचे किंवा पोलादी डबे पुरतात. मात्र धान्यात आधीच कीड असेल, तर बंद डब्यात तिचा कोंडून अंत होतो, याचे भान ठेवावे.

तिसरा उपाय सफाई व क्रम. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. डबा पूर्ण रिकामा करून फटी कुंच्याने झाडाव्यात, कोरड्या फडक्याने पुसावे, मगच नवा माल भरावा. वखारीत थप्पी जमिनीला व भिंतीला न टेकविता लाकडी फळ्यांवर लावावी. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. जुनी पोती वापरण्यापूर्वी उलटी करून शिवणी पाहाव्यात. आधी आलेला माल आधी विकावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी साठा बेताचाच ठेवावा. रवा व डाळीचे पीठ थोडे असेल, तर शीतकपाटात ठेवल्याने कीड वाढत नाही.

चौथा उपाय आजीबाईंच्या बटव्यातला. स्वच्छ कडधान्याला किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर तेल चोळल्यास भुंगेऱ्याच्या वाढीस अडथळा होतो. गहू-तांदळाला एरंडेल चोळण्याची चाल आपल्या परिचयाची आहेच. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला सहायक म्हणून घालावा. ओला पाला मात्र धान्याला दमटपणा देतो.

विषाची वाट नको

बाजारात ‘सल्फास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने विषारी वायू सोडतात. राहत्या घरात त्या ठेवणे म्हणजे मुलाबाळांच्या जिवाशी खेळणे आहे. त्यांचा वापर सरकारी यंत्रणा व प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता कायद्याने मर्यादित केलेला आहे. माडीवर बिऱ्हाड असलेल्या वखारीत त्या लपूनछपून वापरणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. पाऱ्याच्या गोळ्या व बोरिक पावडर हीही विषेच होत. पारा वाफेच्या रूपाने श्वासात जातो. सूक्ष्म जिवांच्या घातासाठी आणलेले विष अखेर आपल्याच ताटात येते.

कीड लागल्यावर काय करावे?

किडका डबा तत्काळ इतर डब्यांपासून दूर न्यावा. धान्य हलक्या हाताने चाळावे व निघालेले जीव मूठभर धान्यासह घरापासून लांब, सावलीच्या कोरड्या जागी सोडावेत; मोरीत, चुलीत किंवा तापलेल्या गच्चीवर नव्हे. भोके पडलेले धान्य दळू नये, कारण आत अळ्या असतात. दर आठ दिवसांनी पुन्हा चाळणे हा कष्टाचा, परंतु यत्नाचाराचा मार्ग आहे. तोही सर्वथा निर्दोष नाही. एकदा कीड झाली की पूर्ण निर्दोष वाट उरतच नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

व्यापारी बंधूंसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. किडके पोते चांगल्या मालात मिसळून विकणे हा अचौर्याणुव्रतातील ‘प्रतिरूपक व्यवहार’ नावाचा अतिचार आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमानेही किडीने ग्रासलेले अन्न असुरक्षित ठरविले आहे. असे धान्य दानात घालणेही दान नव्हे. त्याने आपला प्रमाद आपण दुसऱ्याच्या घरी पाठवितो. पोत्याचे नुकसान सोसावे आणि वखारीची रीत सुधारावी.

आचार्य शांतिसागर महाराजांचे (१८७२–१९५५) भोज गाव याच निपाणी परिसरात आहे आणि १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली ते स्तवनिधी क्षेत्रही येथून जवळच आहे. या भूमीतील श्रावकाची अहिंसा मंदिराइतकीच कोठीघरातही दिसावी. येत्या वैशाखात धान्य भरताना प्रत्येक भगिनीने डब्याचा तळ आणि प्रत्येक बंधूने वखारीचा कोपरा एकदा स्वतः पाहावा. पावसाळ्यात पडणारा पेच त्या एका दिवसाच्या दक्षतेने पुष्कळसा टळतो.