मनू, ती जाहिरात जरा थांबव

मनू, जाहिरातीचा मसुदा वाचला. अजून कुठे पाठवू नकोस. ‘शांत, सुरक्षित, जिव्हाळ्याचं गाव, कल्पक आणि अनुभवी नेतृत्व हवं’ असं अमेरिकेतलं प्रत्येक छोटं गाव लिहितं. त्यावर अर्ज करणारे पुष्कळ मिळतात, पण तीच माणसं दुसऱ्या वीस गावांनाही अर्ज धाडत असतात. तुम्हाला एकच ॲडमिनिस्ट्रेटर हवाय, आणि तो दोन हिवाळे तरी टिकायला हवा.

तू कौन्सिलवर निवडून आलीस हे मावशीला सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? “मग मुख्याधिकारी कोण पाठवलाय सरकारने?” तिचं चुकलं नाही. आपल्याकडे नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा आहे, मुख्याधिकारी राज्य सरकार नेमतं आणि बदलीही तेच करतं. नगरसेवकांनी कितीही आदळआपट केली तरी माणूस निवडणं त्यांच्या हातात नसतं. तुमच्या आयोवातलं चार हजार वस्तीचं गाव मात्र आपला माणूस आपणच शोधतं, पगार आपणच ठरवतं, करार करतं आणि पटलं नाही तर नारळही देतं. उद्या बिनसलं तर बोट दाखवायला तुमच्याकडे मंत्रालय नाही, एवढं ध्यानात असू दे.

म्हणून जाहिरातीच्या आधी कौन्सिलने आणि मेयरने बसून एकाच प्रश्नाचा निकाल लावायचा. पहाटे पाचला बर्फ पडलाय आणि रस्ते साफ करणारा ड्रायव्हर कुणाचं ऐकणार? ॲडमिनिस्ट्रेटरचं, मेयरचं, की ज्याच्या गल्लीत बर्फ साचलाय त्या कौन्सिलरचं? हसू नकोस. इथल्या छोट्या गावांतले ॲडमिनिस्ट्रेटर वैतागून जातात ते बहुतेक याच गोष्टीपायी. ‘सिटी मॅनेजर’ म्हटलं की माणसं नेमायचे आणि काढायचे अधिकार सहसा त्याच्याकडेच असतात. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटलं की तुमच्या गावाच्या ऑर्डिनन्समध्ये जे लिहिलंय तेवढंच. ते ऑर्डिनन्स काढ आणि स्वतः वाच. पाणी खात्याच्या प्रमुखाला तो रजा नाकारू शकतो का? पोलीसप्रमुख कुणाच्या हाताखाली? बजेटचा पहिला आराखडा कोण मांडणार? तिथे काही मोघम असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अनुभवी उमेदवार मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारतो, आणि तुम्ही पाच जणांनी पाच उत्तरं दिलीत की तो घरी जाऊन नम्र नकाराची ईमेल लिहितो.

ही चर्चा मात्र रीतसर सभेत. पाचांपैकी तिघं कॅफेत बसून ‘सहज’ ठरवायला लागलात तर ती कायद्याच्या नजरेत सभाच होते, नोटीस न देता घेतलेली. ग्रुप ईमेललाही मला भीती वाटते. तू उत्साही आहेस, म्हणून मुद्दाम सांगते.

आमच्याकडे ओहायोत, डेटनमध्ये, या सगळ्याचा इतिहास लोक अजून सांगतात. मॅनेजर नेमायची कल्पना निघाली १९०८ मध्ये, व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावात. त्यांनी नेमलेला पहिला माणूस चार्ल्स ॲशबर्नर, पेशाने इंजिनिअर आणि जन्माने, ऐक, मुंबईचा! इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. (मावशीला हे सांगितलं तर म्हणेल, बघ, शेवटी आपल्याकडूनच गेला की नाही.) पुढे १९१३ मध्ये डेटनला महापूर आला, शहर उद्ध्वस्त झालं, आणि लोकांनी जुना कारभार मोडीत काढून मॅनेजरचा मार्ग धरला. मग त्यांनी विचारलं कुणाला, तर पनामा कालवा बांधणाऱ्या कर्नल गोएथल्सना! त्यांनी नाही म्हटलं. शेवटी शेजारच्या सिनसिनाटीचे शहर अभियंता हेन्री वेट आले आणि १९१४ पासून कामाला लागले. मला ही गोष्ट फार आवडते. तुमच्या मेयरच्या डोक्यातही एखादा गोएथल्स असणार, मोठ्या शहरातला, टीव्हीवर दिसलेला. विचारा त्याला, विचारायला काय जातं. पण यादीत दोन-तीन वेट असू देत. शेजारच्या काउंटीतली असिस्टंट, तीस हजार वस्तीच्या शहरातला फायनान्स डायरेक्टर, ज्याला आता स्वतःचं गाव चालवून बघायचंय असा. छोट्या गावाला अशीच माणसं लाभतात.

आता गावाची माहितीपुस्तिका. तिच्यात नदी, शाळा, फुटबॉलची टीम, सगळं घाल. पण तुमचा सांडपाण्याचा प्रकल्प जुना झालाय आणि त्यासाठी कर्ज काढावं लागणार, हेही घाल. गावातलं औषधांचं दुकान बंद व्हायच्या बेतात आहे ते घाल. आधीचा ॲडमिनिस्ट्रेटर दीड वर्षात गेला हे तर घालच. लपवून काय मिळणार? चांगला उमेदवार अर्ज करण्याआधी तुमच्या सभांचे व्हिडिओ बघतो, जुनी इतिवृत्तं वाचतो, दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट चाळतो. त्याला जे सापडणारच आहे ते तुम्ही आधी सांगितलंत तर त्याचा विश्वास बसतो. आणि ज्याला मोडका प्रकल्प बघून हुरूप येतो, तोच तुमचा माणूस.

पगाराचा आकडा जाहिरातीतच छाप. ‘पात्रतेनुसार’ लिहिलं की लोकांना वाटतं एकतर हात आखडताय किंवा काहीतरी दडवताय. दडवण्याचं टोक बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातलं बेल आठव. लॉस एंजलिसजवळचं ३५-३६ हजार वस्तीचं गरीब शहर, आणि २०१० मध्ये पेपरात आलं की तिथला मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला पावणेआठ लाख डॉलरच्या वर पगार घेतोय! कौन्सिलवाल्यांचेही खिसे भरलेले, त्यामुळे विचारणार कोण? पुढे त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. लोकांच्या डोळ्यांदेखत मंजूर झालेला पगार असा फुगत नाही.

सर्च फर्म घ्यायची का, असं विचारलं होतंस. पैसे असतील तर घ्या. चांगली फर्म जाहिरात बघून न येणाऱ्या माणसांना स्वतःहून फोन करते, तिचा खरा उपयोग तोच. पण तुमच्या बजेटमध्ये ती रक्कम म्हणजे अर्ध्या रस्त्याचं डांबर. त्याआधी सिटी मॅनेजरांच्या संघटनेकडे, आयसीएमएकडे चौकशी कर. त्यांचे निवृत्त मॅनेजर सीनियर ॲडव्हायझर म्हणून राज्याराज्यांत मदत करतात. पूर्वी त्यांना ‘रेंज रायडर’ म्हणायचे. अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर तास-दोन तास बसलीस तरी तुमच्या जाहिरातीतलं निम्मं खोडून निघेल. तुमच्या राज्याच्या लीग ऑफ सिटीजलाही फोन कर.

मुलाखतीच्या बाबतीत तुझी मला जरा काळजी वाटते. आपल्याला माणूस भेटला की ‘घरी कोण कोण असतं, मुलं किती, मिस्टर काय करतात’ हे तोंडातून निघूनच जातं. इथे लग्न, मुलं, वय, धर्म यातलं काही विचारायचं नाही. विचारलंत आणि ती उमेदवार निवडली गेली नाही, तर वकिलाचं पत्र येऊ शकतं. पण नवऱ्याला नोकरी मिळेल का, भाड्याने घर आहे का, पाळणाघर कुठे, यावरच छोट्या गावातले निम्मे होकार अडकतात. मग करायचं काय? न विचारता सगळ्यांना तीच माहिती द्या. घरांची यादी, शाळा, जवळच्या शहराचं अंतर, आसपासच्या नोकऱ्या. प्रत्येक उमेदवाराच्या पाकिटात तेच कागद. ज्याला हवं तो स्वतःहून बोलतो.

अंतिम यादीतल्या माणसांना आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट सांगा, नावं कधी जाहीर होणार ती. काही राज्यांत अर्ज आला की तो सार्वजनिक कागद होतो. फ्लोरिडा त्यासाठी प्रसिद्धच आहे. तुमच्याकडे नेमकं काय उघड करावं लागतं, ते गावाच्या वकिलाला विचार. आपल्या अर्जाबद्दल आजच्या नोकरीतल्या मेयरला पेपरात वाचून कळावं असं कुणाला वाटेल? दोन दिवस आधी कळवलं तर उमेदवार स्वतः जाऊन सांगू शकतो.

आणि चौकशी. पूर्वी आपल्या घरी स्थळ आलं की आजी मुलाकडच्यांना कधीच विचारायची नाही, ती त्यांच्या शेजारणीला, दूधवाल्याला विचारायची. तसंच कर. उमेदवाराने दिलेल्या तीन नावांवर थांबू नकोस, ती नावं गोडच बोलणार. त्याच्या संमतीने आधीच्या गावातली क्लार्क, वार्ताहर, बजेटला विरोध करणारा कौन्सिलर यांच्याशी बोला. तो मतभेद कसे हाताळतो हे विरोधकच नीट सांगतो. आर्थिक आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी बघायचं काम बाहेरच्या संस्थेला द्या.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मला झोप लागत नाही असं नाही, पण तू कौन्सिलवर असताना रोज आठवावीस अशी. इलिनॉयमधलं डिक्सन, रेगन यांचं बालपण गेलेलं गाव, वस्ती साधारण सोळा हजार. तिथे रीटा क्रंडवेल नावाची हिशेबनीस १९९० पासून २०१२ पर्यंत गावाचे पाच कोटी सदतीस लाख डॉलर स्वतःच्या छुप्या खात्यात वळवत राहिली. त्या पैशांवर शेकडो घोडे पाळले. गाव दरवर्षी खर्चात काटछाट करत होतं आणि ही बाई घोड्यांच्या स्पर्धा जिंकत होती! कारभार बघणारे कमिशनर अर्धवेळ, दिवसभर आपापल्या धंद्यात, आणि हिशेब, बँक, टपाल सगळं एका विश्वासू बाईच्या हातात. ती रजेवर असताना दुसऱ्या कर्मचारी बाईने बँकेची कागदपत्रं मागवली, तेव्हा फुटलं. नंतर डिक्सनने पूर्णवेळ मॅनेजरची पद्धत आणली. मात्र ती गोष्ट वाचून ‘चला, आपण ॲडमिनिस्ट्रेटर नेमला की सुटलो’ असं समजू नका. नव्या माणसालाही एकट्याने चेक काढू देऊ नका, आणि बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला दुसऱ्या कुणाच्या तरी हाती येऊ द्या. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. उलट तोच मागणी करतो.

करारात काढून टाकल्यास सहा महिन्यांचा पगार द्यायची तरतूद बघून तुमच्यातले एक-दोघे ओरडतील, ‘काम न करता पैसे?’ त्यांना समजाव. ही नोकरी कौन्सिलच्या मर्जीवर असते. निवडणुकीत तीन चेहरे बदलले की माणूस रस्त्यावर. तो घर विकून, मुलांची शाळा बदलून येणार, तर एवढा आधार त्याला हवाच. बदल्यात तुम्हालाही काही मिळतं. आयसीएमएच्या आचारसंहितेनुसार, जी त्यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा केली, सभासदाने एका ठिकाणी किमान दोन वर्षं राहणं अपेक्षित असतं, आणि एकदा तोंडी होकार दिला की पाठ फिरवायची नसते. म्हणून तो सभासद आहे का, हे विचारून घे. त्याने तुमच्या निवडणुकीत कुणाचा प्रचारही करायचा नाही, हा फायदा तर मेयरला सांगच.

पहिल्या वर्षात त्याने काय करायचं ते चार-पाच ओळींत लिहून द्या. सांडपाण्याच्या कर्जाची योजना, पाण्याच्या दरांचा आढावा, बजेट वेळेवर. जास्त नको. सहा महिन्यांनी त्याच कागदावर बोला. तुमच्या आधीच्या माणसाशी कौन्सिल पहिल्यांदा बसून बोलली ती त्याच्या राजीनाम्याच्या दिवशी, असं तूच म्हणालीस ना?

राहिल्या तुमच्या क्लार्कबाई. पद रिकामं झाल्यापासून गाव त्याच चालवताहेत आणि त्यांनीही अर्ज केलाय. त्यांना ‘औपचारिकता’ म्हणून मुलाखतीला बोलावू नका. खरोखर विचार करणार असाल तर बाकीच्यांइतकाच वेळ द्या, तेच प्रश्न विचारा. आणि निवड दुसऱ्याची झाली तर त्यांना ते सभेत, सगळ्यांसमोर कळता कामा नये. नवा माणूस येईल तेव्हा कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? मतदानाच्या आधी मेयरला घेऊन त्यांच्या टेबलाशी जा. ईमेल करू नकोस, आणि दहा मिनिटांत उठूही नकोस.