दावा, दाखला आणि केसपेपर : सामूहिक दाव्यांच्या तपासातून डॉक्टरांनी घ्यावयाचा धडा

१९९६ सालची गोष्ट. त्या वेळी मी इंदूरला बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो. एक बाई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आल्या. सासर भोपाळचे, माहेर इंदूरचे. मुलाला वारंवार खोकला आणि धाप लागत असे. वायुदुर्घटनेच्या रात्री तो चार महिन्यांचा होता. औषध तर त्यांना हवे होतेच. पण त्याहून अधिक हवा होता तो एक दाखला. मुलाचा आजार गॅसमुळे झाला आहे, एवढे मी लिहून द्यावे अशी त्यांची विनंती होती.

मी मुलाला तपासले. छातीत घरघर स्पष्ट ऐकू येत होती. परंतु १९८४ सालचा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता, आणि दम्याची मुले भोपाळच्या बाहेरही असतात. मी दाखल्यावर आजाराचे नाव लिहिले. कारण लिहिले नाही. तो वाचून त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या रात्री कागद मागत बसायचं होतं, की पोराला घेऊन पळायचं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मात्र त्यानंतर एक कुतूहल कायमचे मनात राहिले. हजारो माणसे एकाच कारणाने आजारी पडल्याचा दावा करतात, तेव्हा त्यातील खरे किती, खोटे किती आणि सिद्ध न होणारे किती, हे वकील कसे ठरवतात? फुरसतीच्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे. विषय कायद्याचा असला तरी त्याचा शेवट आपल्या टेबलावरील केसपेपरपाशी येऊन पोहोचतो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

सामूहिक दावा म्हणजे काय?

एकाच कृतीमुळे अनेकांचे नुकसान झाले असता, काही जणांनी सर्वांच्या वतीने न्यायालयात जाणे म्हणजे सामूहिक दावा. अमेरिकेत यालाच 'क्लास अ‍ॅक्शन' म्हणतात आणि तेथील संघीय दिवाणी नियमावलीच्या २३ व्या नियमानुसार तो चालतो. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ अन्वये असा प्रातिनिधिक दावा करता येतो. दोन्ही देशांत एक तत्त्व समान आहे : अशा दाव्यात दोन्ही पक्षांच्या वकिलांनी परस्पर हातमिळवणी करून तो मिटवता येत नाही. आपल्या संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आदेश २३ मध्ये नियम ३-ब घालण्यात आला. त्यानुसार प्रातिनिधिक दाव्यातील तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. अमेरिकेत तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे अशी न्यायाधीशांची खात्री व्हावी लागते. गटातील सभासदांना हरकत घेण्याचा अधिकार असतो.

याचे कारण उघड आहे. ज्यांच्या नावाने पैसा घेतला जातो त्यांतील बहुसंख्य माणसे न्यायालयात हजरच नसतात. त्यांचे दावे कोणी तपासले, हा प्रश्न त्यांच्या वतीने न्यायालयालाच विचारावा लागतो.

वकील काय तपासतात?

पहिली पायरी दावा दाखल होण्यापूर्वीची. अमेरिकेतील ११ व्या नियमाप्रमाणे, दाव्यावर सही करणारा वकील वाजवी चौकशीअंती सही करीत आहे असे मानले जाते. म्हणजे 'अशील म्हणाला म्हणून लिहिले' हे समर्थन पुरत नाही.

पुढे प्रत्येक दावेदाराच्या बाबतीत साधारण चार प्रश्न विचारले जातात. या माणसाचा त्या वस्तूशी किंवा वायूशी खरोखर संपर्क आला होता काय? त्याला झालेली इजा वैद्यकीय दृष्ट्या सिद्ध आहे काय? संपर्कामुळे अशी इजा होऊ शकते, हे शास्त्राने दाखविले आहे काय? आणि या विशिष्ट माणसाची इजा त्याच संपर्कामुळे झाली, दुसऱ्या कारणाने नव्हे, असे म्हणता येते काय? तिसरा प्रश्न साथरोगशास्त्राचा, चौथा उपचार करणाऱ्या डॉक्टरचा.

यासाठी दावेदाराकडून शपथेवर माहितीपत्रक भरून घेतात. जुने वैद्यकीय कागद मागविण्यासाठी त्याची लेखी संमती घेतात. औषधाच्या दुकानातील नोंदी, नोकरीच्या नोंदी, आधीच्या डॉक्टरांचे केसपेपर ताडून पाहतात. दावे फार असतील तर काही नमुन्यादाखल निवडून त्यांची सखोल छाननी होते. कधी काही दावे प्रत्यक्ष चालवून त्यांच्या निकालांवरून उरलेल्यांचे मोल ठरविले जाते. प्रतिपक्षाचे वकीलही हेच करतात, कारण किती रकमेवर तडजोड करावी हे त्यांना त्यावरूनच ठरवायचे असते.

इकोच्या चित्रांची गोष्ट

या छाननीत डॉक्टरचे स्थान किती नाजूक असते, हे वजन कमी करणाऱ्या फेनफ्लुरामीन आणि डेक्सफेनफ्लुरामीन या औषधांच्या प्रकरणातून दिसते. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी फेनफ्लुरामीन व फेन्टरमीन एकत्र घेणाऱ्या २४ स्त्रियांमध्ये हृदयाच्या झडपांचे विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही दोन औषधे बाजारातून काढून घेण्यात आली. १९९९ मध्ये अमेरिकन होम प्रॉडक्ट्स या कंपनीने ३७५ कोटी डॉलरपर्यंतची देशव्यापी तडजोड केली आणि २००० मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली.

भरपाई ठरणार होती इकोकार्डिओग्रामवरून. झडपेतून उलट वाहणाऱ्या रक्ताच्या झोताचे क्षेत्रफळ डाव्या कर्णिकेच्या क्षेत्रफळाच्या वीस टक्के वा अधिक असेल, तर माइट्रल झडपेची गळती 'मध्यम' धरली जाई. त्याहून कमी असेल तर 'सौम्य'. काही मिलिमीटरच्या फरकाने दावेदार पात्र किंवा अपात्र ठरे. वकिलांच्या पुढाकाराने घाऊक तपासण्या झाल्या, काही डॉक्टरांनी हजारोंच्या संख्येने इको वाचले. आधी काही टक्के दाव्यांचीच फेरतपासणी ठरली होती. परंतु काही डॉक्टरांच्या मोजमापांना वैद्यकीय आधारच नाही असे दिसून आल्यावर २००२ मध्ये न्यायालयाने झडपांच्या विकाराच्या सर्वच्या सर्व दाव्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. परिणामी जे खरोखर आजारी होते, त्यांनाही ताटकळावे लागले. खोट्या मोजमापाची किंमत कंपनीपेक्षा खऱ्या रुग्णाने अधिक मोजली, असे मला वाटते.

उद्याचे रुग्ण

दुसरा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला अधिक जवळचा आहे. संपर्क झाला, पण आजार अजून दिसत नाही, अशा माणसाचे काय? अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात हाच पेच उभा राहिला. तो रोग संपर्कानंतर काही दशकांनी प्रकट होतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅमकेम प्रकरणातील तडजोडीसाठी मांडलेला गट अमान्य केला. आज आजारी असलेल्याला आजच मोठी रक्कम हवी असते, तर उद्या आजारी पडू शकणाऱ्याला निधी शिल्लक राहायला हवा असतो. दोघांचे हित एकच प्रतिनिधी राखू शकत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

भोपाळ : आधी तडजोड, मग तपास

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकारने सर्व पीडितांचे प्रतिनिधित्व स्वतःकडे घेतले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये खटला भारतात चालावा असे ठरविले आणि त्याच वर्षी भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. तांत्रिक अर्थाने ही अमेरिकी पद्धतीची 'क्लास अ‍ॅक्शन' नव्हे. परंतु लाखो लोकांच्या वतीने एकाने लढणे आणि तडजोड करणे हे सूत्र तेच.

१४ व १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोपर्यंत दाव्यांची वैद्यकीय छाननी पूर्ण झालेली नव्हती. ४ मे १९८९ च्या आदेशात न्यायालयाने आपला हिशेब दिला : ३,००० मृत्यू, ३०,००० कायमचे पूर्ण वा अंशतः अपंगत्व, २०,००० तात्पुरते अपंगत्व, २,००० अत्यंत गंभीर इजा आणि ५०,००० किरकोळ इजा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १९८५ च्या कायद्याची वैधता मान्य करताना न्यायालयाने हेही नोंदविले की, तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते.

छाननीतून काय निघाले? १९९१ च्या निकालात नमूद केल्याप्रमाणे ३,५८,७१२ दावेदारांचे वैद्यकीय वर्गीकरण झाले होते. त्यांपैकी १,५५,२०३ जणांना 'इजा नाही' या वर्गात टाकण्यात आले. १,७३,३८२ जणांना 'तात्पुरती इजा'. कायमचे पूर्ण अपंगत्व अवघ्या ४० जणांना. पुढे दावा न्यायाधिकरणांनी भरपाई मंजूर केलेल्यांची संख्या सुमारे पावणेसहा लाखांवर गेली. मृत्यू ५,२९५ धरले गेले आणि किरकोळ इजेचे दावे सव्वापाच लाखांहून अधिक झाले. अंदाज ५०,००० चा होता!

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. 'इजा नाही' या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळण्याचा धोका असतो : तपासून निरोगी आढळलेला, आणि जवळ कागद नसलेला. त्या रात्री हमीदिया रुग्णालयात लोटलेल्या गर्दीत प्रत्येकाचा केसपेपर लिहिणे मनुष्यशक्तीच्या पलीकडचे होते. तेथे झटणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण वर्षांनंतर दावा तपासणाऱ्यासमोर माणूस उभा असला, तरी वजन कागदालाच मिळते.

मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच बोचते. कारखान्याजवळ राहणाऱ्या ८६५ गर्भवती स्त्रियांच्या एका पाहणीत सुमारे ४३ टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल जन्मले नाही, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.  १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उद्याच्या रुग्णांचा विचार केला होता : लक्षणे अजून न दिसलेल्या व्यक्ती आणि बाधित मातांची पुढे जन्मणारी मुले, अशा सुमारे एक लाख जणांसाठी सरकारने वैद्यकीय विमा उतरवावा असे सांगितले होते. तो विमा उतरविला गेलाच नाही. १४ मार्च २०२३ रोजी वाढीव भरपाईची सरकारची याचिका फेटाळताना घटनापीठाने या हलगर्जीपणाबद्दल सरकारला दोष दिला. तोपर्यंत त्या रात्रीचे तान्हे बाळ अडतीस वर्षांचे झाले होते.

आपण काय करावे?

यातून व्यवसायबंधूंसाठी चार-पाच साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : संपर्काची नोंद करावी. कारखान्यातील गळती असो, दूषित पाणी असो वा शंकास्पद औषध असो. तारीख, वेळ, ठिकाण, राहता पत्ता आणि औषध असल्यास त्याचा बॅच क्रमांक लिहावा. निदानाला त्या दिवशी याचा उपयोग नसेलही; दहा वर्षांनी असेल.

दुसरी : 'रुग्ण सांगतो' आणि 'मला आढळले' यांची सरमिसळ करू नये. दोन्ही लिहावे, पण वेगवेगळे.

तिसरी : 'आढळले नाही' आणि 'तपासले नाही' यांतील भेद कागदावर दिसला पाहिजे. न केलेल्या तपासणीच्या जागी 'नॉर्मल' लिहिण्याची आपली सवय पुढे कोणाचा तरी हक्क हिरावून घेऊ शकते.

चौथी : मोजता येईल ते मोजावे. मुलाचे वजन, उंची, शक्य त्या वयात स्पायरोमेट्री. एका आकड्यापेक्षा वर्षावर्षाच्या आकड्यांची रांग अधिक बोलते.

पाचवी : कागद जपावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. मुलांसाठी ही तीन वर्षे अपुरी आहेत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अज्ञानाला सज्ञान झाल्यावर दावा करता येतो. म्हणून मुलाची नोंद त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ठेवणे शहाणपणाचे. त्याहून सोपा उपाय म्हणजे कागदाची एक सुवाच्य प्रत आईच्या हाती देणे.

उरला प्रश्न दाखल्याचा. त्या बाईंना मी तेव्हा अर्धेच लिहून दिले, असे आज मला वाटते. 'गॅसमुळेच' असे मी आजही लिहिणार नाही. इकोच्या प्रकरणात अशाच उदार हातांनी खऱ्या रुग्णांची वाट अडवली. पण मी एवढे नक्की लिहीन : 'या मुलास श्वसनमार्गाचा दीर्घकालीन विकार आहे. दुर्घटनेच्या रात्री तो चार महिन्यांचा असून अमुक वस्तीत होता, असे आई सांगते. असा विकार त्या संपर्काशी सुसंगत आहे. अन्य कारणे नाकारता येत नाहीत. फुप्फुसांच्या कार्याची चाचणी करून ती दरवर्षी पुन्हा करावी.' यात एकही शब्द खोटा नाही, आणि दावा तपासणाऱ्याला पुढे चौकशी करण्यासाठी एक धागा तरी मिळाला असता.

हे लिहायला मला त्या दिवशी पाच मिनिटे अधिक लागली असती. बाहेर रांग मोठी होती, हे खरे. रांग आजही मोठीच असते. तरीही तेवढी पाच मिनिटे आपण काढावीत, एवढीच या निमित्ताने सर्व सहव्यावसायिकांना विनंती आहे.